भिंतीला दोनच हूक

लिव पोरी, पन मी बोलते तसंच लिव, नंतर धुऊन-पुसून काढू नको. तू मास्तरीण हायस, तुला बुकातली मराठी येते, मला नाय येत, माजा पनजा कोकनातून बोटीनं आला तवा जी भाषा तोंडात घेऊन आला तीच माज्या तोंडात हाय, आनि मधे मधे क्रेओल, ह्या बेटाची बोली, घुसते, घुसू दे. माजं नाव अनुसया. जन्म प्लेन दे पपायचा. चारी बाजूला ऊस आनि मधे आमचं तोलचं घर, तोल म्हनजे पत्रा, तुला म्हाईत हाय पन तुजी वही वाचनाऱ्याला नसंल म्हाईत. बा गेला तवा मी नऊ वर्सांची. मंग माजी आय एकटीच उसात. डोक्याला फडकं बांधून पहाटे जायची, गवत काढायची, खत टाकायची, कापनीच्या दिसांत मोळ्या बांधायची, आनि दुपारी येऊन आमच्यासाठी चूल पेटवायची. तिचे हात काय सांगू तुला, उसाच्या पातीनं कापून कापून तळव्याला इतक्या रेघा, की नशिबाच्या कंच्या आनि पातीच्या कंच्या ते देवाला पन कळलं नसतं.

तिचं नाव भागीरथी. ते आधी लिव, कारन ही सगळी गोष्ट तिचीच हाय, तिच्या फोटोची, आनि ह्या समोरच्या भिंतीची. बघ ती भिंत नीट. तिसऱ्या फोटोच्या भोवती काय दिसतंय तुला? दिसतंय ना? सगळ्यांना दिसतं. थांब, तितपर्यंत येते मी.

लगीन होऊन मी हितं फिनिक्सला आले. नवरा मासों, म्हनजे गवंडी. आमच्यात नवऱ्याला अहोजाहो करतात, मी पन करते तोंडावर, पन ही गोष्ट सांगताना मला राग येतो, आनि रागात मी त्याला तो म्हनते, तसंच लिव, त्याला वाचून दाखवलंस तरी चालंल. खोटं नाय बोलनार, त्याच्या हाताला गुन हाय. क्रेपी मारावी तर त्यानं. क्रेपी म्हनजे हीच, ही खरबरीत भिंत. सिमेंट-रेतीचा पातळ काला बादलीत घ्यायचा, हिराची केरसुनी त्यात बुडवायची आनि हातातल्या काठीवर आपटायची, की थेंब उडून भिंतीला बसतात आनि बारीक बारीक टोकं येतात. दुसऱ्या कुनाची क्रेपी बघ, कुटं डोंगर कुटं खड्डा. ह्याची बघ, सगळी टोकं सारखी. डोळे मिटून हात फिरवलास तरी कळंल कुनाची, हात सोलून निघंल तो भाग निराळा.

पयलं आमी पन तोलच्याच घरात राहायचो, त्याच्या बापानं बांधलेल्या. सासू-सासरे माज्या लग्नाआधीच गेलेले, त्यांचे दोन फोटो लाकडाच्या भिंतीवर खिळ्याला. मंग ते मोटं सिक्लोन आलं. मी पोरीला छातीशी धरून शेजारच्या पक्क्या घरात, आमचं छप्पर अर्धं उचललेलं, आनि हा मानूस परत आत धावला. मी किंचाळते हाय, मरशील, मरशील. बाहेर आला तर काखेत काय, आय-बापाचे दोन फोटो, टेबलाच्या मेनकापडात गुंडाळलेले. माज्या लग्नाच्या साड्या गेल्या, भांडी गेली, पोरीचा पाळना कुनाच्या तरी उसात सापडला, फोटो तेवढे ऱ्हायले. आय-बापाचे फोटो हायेत, आनावेच मानसानं. पन हे ध्यानात ठेव, फोटो म्हनजे काय ते त्याला म्हाईत व्हतं.

घर गेलं, मंग जायचं कुटं? माज्या आयकडं. तिचं घर लहान, पन वाऱ्यानं त्याला हात लावला नव्हता. दीड वर्स राहिलो आमी तिच्याकडं, तिचा पलंग आमाला आनि ती चुलीजवळ चटईवर. जावई मानूस म्हनून तिनं त्याला कवा खालच्या ताटात वाढलं नाय. आनि हितं फिनिक्सला सिमेंटचं घर उभं राहायला लागलं तवा ती सुट्टीच्या दिशी दोन बसी बदलून यायची, एक पोर्ट लुईपर्यंत आनि एक हितं. स्लॅब ओतायचा रविवार आला, तुला म्हाईत हाय तो रविवार कसा असतो, सगळी गल्ली येते, बादल्या हातोहात वर जातात, आनि बायका खाली भातावर भात शिजवतात, तर त्या रविवारी चाळीस मानसाचं जेवन माज्या आयनं एकटीनं उतरवलं. कुनाला उपकार दाखवले नाय. जेवन झाल्यावर तिनं इचारलं, आता काय ऱ्हायलं? नवरा म्हनाला, भिंती ऱ्हायल्या, सालोंला, म्हनजे ह्या बैठकीच्या खोलीला, क्रेपी मारायची, पन रेती अगदी बारीक लागंल, चाळायला मानूस नाय.

मानूस नाय म्हनाला आनि आयकडं बघितलं.

अकरा दीस बसली ती. ऊस कापून झाला व्हता, काम नव्हतं, म्हनून हितंच राहिली, ह्या जमिनीवर गोनपाट टाकून, चाळनी हातात. एकदा चाळायची, मंग जुन्या मच्छरदानीतून परत चाळायची. एक खडा गेला तर क्रेपीत भोक दिसतं, असं त्यानं सांगितलं व्हतं, तर तिनं एक खडा जाऊ दिला नाय. पापन्यांवर रेती, केसांत रेती, भाकरी खाल्ली तरी दातांखाली करकर वाजायचं. तर ही जी भिंत बघून लोक म्हनतात वा मिस्त्री, ही माज्या आयनं चाळलेली रेती हाय. लिवलंस?

क्रेपी मारायच्या आधी, पलस्तर ओलं असताना, त्यानं हूक बसवले. लोखंडी हूक, मागं शेपूट वाकवलेलं, ते ओल्या सिमेंटात गेलं आनि सुकलं की मंग कुनी लटकलं तरी निघत नाय. दोन हूक बसवले. दोरी लावून, मोजून, एक बापाचा, एक आयचा. दोन. आनि माजी आय चार हातांवर चाळनी घेऊन बसलेली.

मी तिसरा मागितला नाय. आमच्यात भिंतीवर हार घालून कोनाला टांगतात, मेलेल्याला. जितं मानूस समोर बसलंय, रेती चाळतंय, आनि मी नवऱ्याला सांगू, अहो, हिच्यासाठी पन एक घालून ठेवा? जीभ झडली असती माजी. त्या दिशी अजून एक गोष्ट झाली, ती मी नंतर सांगते, ती सांगायला मला थोडं बळ लागंल.

वर पिस्त्याच्या रंगाचा तेलाचा हात दिला, हिरवा, चकचकीत. आनि त्या दिसापासनं त्या भिंतीचा सोहळा सुरू. ज्याला घर बांधायचं असंल त्याला हा हितं आनायचा, बसवायचा, चहा माज्याकडनं, आनि भिंतीवर हात फिरवून दाखवायचा. घर कसलं, दुकानच ते त्याचं. खिळा मारायचा नाय. क्यालेंडर नाय, घड्याळ नाय, पोरीला शाळेत बक्षीस मिळालं त्याचा कागद नाय. खिळा मारला की क्रेपी बशीएवढी फुटून येते, आनि मंग कितीबी बुजवा, ठिगळ दिसतं ते दिसतंच. पोरगी नुसती टेकली तरी वरडायचा, पा तूस मो मिराय, हात लावू नको माज्या भिंतीला. माजी भिंत म्हने.

घर होऊन पंधरा वर्सं झाली आनि आय गेली. ताप आला, चार दिसांत गेली, मला नीट बोलता पन आलं नाय. तिचा एकच फोटो व्हता, पेन्शनच्या कार्डावरचा, नखाएवढा. तो मी क्युरपीपला नेऊन मोटा करून घेतला, डोक्यावर पदर, तोंड जरा रागावलेलं, कारन फोटोवाल्यानं तिला हलू नको म्हनून दटावलं व्हतं. लाकडाची चौकट केली, काच लावली, आनि बसमधे मांडीवर घेऊन आले. घरी येऊन म्हटलं, अहो, एक खिळा मारा. म्हनाला, हितं? म्हटलं, मंग कुटं? म्हनाला, क्रेपी फुटंल. म्हटलं, फुटू दे. तर माज्याकडं असं बघितलं जसं मी त्याच्या बापाला शिवी दिली. मंग म्हनाला, बुफेवर ठेव ना, बुफेवर चांगली दिसंल.

ठेवली बुफेवर. बुफे म्हनजे कपबशांचं बुटकं कपाट, त्याच्यावर काय असतं, रेडिओ, विजेची बिलं, पावाची टोपली. संध्याकाळी हा आला की मोटरसायकलचा काळा टोप काढून कुटं ठेवायचा, आयच्या तोंडासमोर. मी उचलून बाजूला ठेवायची, दुसऱ्या दिशी परत. सासू-सासरे वर भिंतीवर ताजा हार घालून बसलेले, आनि माजी आय खाली पाव आनि टोपाच्या मधे. पंधरा दीस मी बघितलं, मंग मी त्याचा टोप उचलून अंगनात फेकला.

तवा तो टेप घेऊन आला. दुकानदारानं दिली म्हनाला, आता मॉडर्न हाय सगळं, खिळा लागत नाय, हे लावायचं, दाबायचं, झालं. स्वतःच्या हातानं लावली त्यानं, चारी कोपऱ्यांना, आनि मला म्हनाला, बघ, झालं ना तुज्या मनासारखं. मी गधडी खूश झाले. दुसऱ्या दिशी सकाळी रांधनीत व्हते आनि सालोंमधे धाड. काच फुटली.

आता तूच सांग, तू शिकलेली हायस. टेपेला चिकटायला काय लागतं, सपाट जागा लागते. क्रेपीत सपाट कुटं हाय? टोकं टोकं तेवढी लागतात, मधे सगळी हवा. त्यात वर तेलाचा रंग, गुळगुळीत. त्यात फिनिक्सचा पाऊस, आठ-आठ दीस भुरभुर भुरभुर, कपडे वाळत नाय, मीठ पाघळतं, भिंतीला घाम सुटतो. ह्याच्यावर टेप टिकंल? हे मला कळायला दोन महिने लागले. मी दिस्पांसेरीत, म्हनजे सरकारी दवाखान्यात, झाडू मारनारी बाई, मला उशिरा कळलं. पन त्याला? ज्यानं जन्मभर क्रेपी मारली, एकेक टोक ज्याच्या हातचं, त्याला कळत नव्हतं? सगळं कळत व्हतं त्याला. पडनार हे त्याला म्हाईत व्हतं आनि तरी लावून दिली, बाईचं तोंड बंद करायला. माजा राग हितं हाय पोरी. खिळा मारत नाय म्हनला असता आनि गप बसला असता तर मी एकदा भांडले असते आनि सोडून दिलं असतं.

मी पन हट्टाला पेटले. पयली ती पारदर्शक टेप, मंग तपकिरी, खोक्यांना लावतात ती, पोरगी तवा स्वेटरच्या लिझिनमधे, कारखान्यात, कामाला लागली व्हती, तिकडनं उरलेली आनायची. मंग वायरमनची काळी. दिस्पांसेरीतल्या नर्सबाईनं जखमेवर लावायची पांढरी पट्टी दिली, रुंद, ती सगळ्यात जास्त टिकली, नऊ दीस. कुनीतरी सांगितलं भिंत कोरड्या फडक्यानं घास, घासली, बोटांची सालं गेली. कुनी म्हनलं इस्त्री गरम करून टेपेवर धर, धरली, रंग पिवळा पडला आनि त्यावरनं घरात दोन दीस तमाशा. चौकट जड हाय म्हनून काच काढली, मंग लाकूड काढलं, नुसता पुठ्ठा ऱ्हायला आनि त्याच्यावर आय. चार वर्सं, पोरी. चार वर्सं मी माज्या आयला भिंतीला चिकटवत ऱ्हायले. कामावरनं आले की आधी सालोंमधे बघायची, हाय का पडली. पडलेली असली की उचलायची, पदरानं पुसायची, म्हनायची, आय, परत लावते गो. आनि वर दोन हुकांवर दोघं, काचेत, एकदा पन हलले नाय.

मंग तो गनपती. आमच्याकडं गनपती म्हनजे सगळे नातेवाईक, आनि झाकरी व्हायलाच पायजे. ढोलक घेऊन सालोंमधे गोल धरला, म्हातारे पन नाचत व्हते, पाय असे आपटत व्हते की बुफेतल्या कपबशा वाजत व्हत्या. मी प्रसादाचं ताट घेऊन आले आनि माज्या डोळ्यांदेखत वरचा कोपरा सुटला, मंग दुसरा, आनि आय खाली, नाचनाऱ्यांच्या पायात. ढोलक थांबलं. आनि माजा नवरा, घाम पुसत, हसत, म्हनाला, अरे काय करनार, बायकोच्या माहेरचं मानूस, आमच्या भिंतीवर टिकतच नाय.

लोक हसले. थोरले दीर हसले, जावा हसल्या, त्यांना काय म्हाईत रेती कुनी चाळली. मी ताट खाली ठेवलं आनि आयला उचललं. टेप फोटोच्या कडेवर गेली व्हती, पडताना तिनं कागद वढून नेला व्हता. आयचा उजवा कान नव्हता. टेप हातात घेतली, कान त्या टेपेला. बारकी कुडी व्हती त्या कानात, ती पन टेपेला.

मी तितं रडले नाय. गनपती घरात व्हता, मी आरती म्हटली, सगळ्यांना वाढलं, जावांना डबे भरून दिले. माजी पोरगी सारखी माज्या तोंडाकडं बघत व्हती, तिला कळलं व्हतं. दुसऱ्या दिशी गनपती नदीवर पोचवला. तिसऱ्या दिशी तो कामाला गेला आनि मी दिस्पांसेरीत निरोप धाडला, आज येत नाय.

आयचा कान मी भाताच्या खळीनं परत जागेवर बसवला, सुईच्या टोकानं, अर्धा तास लागला. चौकटीत घातली, काच घातली. खुर्ची घेतली. सासऱ्याच्या पाया पडले, आता त्या मानसावर माजा काय राग, त्यानं मला कवा बघितलं पन नव्हतं. म्हटलं, मामंजी, माफ करा, पन तुमच्या लेकाला दुसऱ्या कुटल्या भाषेत कळत नाय. आनि त्यांना हुकावरनं उतरवलं. त्या हुकावर माजी आय टांगली. हार घातला. मंग सासऱ्यांची काच काढून कपाटात ठेवली, फुटू नये म्हनून, मी काय राक्षशीन नाय, आनि त्यांना टेप लावली. चारी कोपऱ्यांना, तपकिरी, खोक्याची. आय जितं चिकटवायची बरोबर तितं.

चार वाजता तो आला. बूट काढले, टोप ठेवला, वर बघितलं. हे काय, म्हनाला. मी म्हटलं, टेप हाय. तुमीच आनलेली, मॉडर्न हाय, खिळा लागत नाय. त्याचं तोंड लाल झालं, आधी मराठीत बोलला, मंग क्रेओलमधे बोलला, काय काय बोलला ते तुज्या वहीत नको. शेवटी म्हनाला, उतरव तिला. मी म्हटलं, मी नाय उतरवत. तुमी उतरवा. जिच्या हातचं दीड वर्स खाल्लंत, जिच्या पलंगावर झोपलात, जिनं ही तुमची भिंत चाळली, तिला तुमच्या हातानं उतरवा, मी हितं उभी हाय, बघते. तो खुर्चीजवळ गेला. उभा ऱ्हायला. हात वर गेला नाय त्याचा. मंग म्हनाला, भूक लागलीय. मी म्हटलं, पाव हाय बुफेवर.

त्या रात्रीत सासरे पडलेच. सकाळी उटून त्यानं उचललं, मी बघत व्हते दारातनं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आनि परत लावलं. दुसऱ्या दिशी परत पडले. मंग त्यानं पन तेच सगळं केलं जे मी केलं. काळी टेप आनली. दोन बाजूंनी चिकटते ती जाड टेप क्युरपीपवरनं आनली. भिंत घासली. कामावरनं आला की बूट काढायच्या आधी सालोंमधे डोकावायचा, हाय का पडला. पाच वेळा पडला त्याचा बाप, मी मोजले. मी जेवन वाढायची, कपडे धुवायची, आनि सालोंमधे धाड झालं की रांधनीतनं म्हनायची, अहो, बघा, कोन पडलं. चुकलं असंल माजं. पन चार वर्सं मी ऐकला व्हता तो आवाज, त्याला पंधरा दीस ऐकू दे.

आनि म्हाळाचा पंधरवडा लागला. म्हाळ म्हनजे पितरांना जेवू घालायचं. सासऱ्यांची तिथ आमच्याकडंच करतात, थोरले दीर, सगळा गोतावळा, पानं मांडायची आनि फोटोसमोर पयलं पान. आता पान कुनासमोर मांडनार? हुकावर माजी आय, आनि बाप टेपेला, काच नाय, एक कोपरा मुडपलेला. तिथीच्या आदल्या दिशी सकाळी तो कामाला गेलाच नाय. बराच वेळ खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत व्हता. मंग छिन्नी आनली, हातोडा आनला. पयला घाव घालताना त्यानं डोळे मिटले, खरंच मिटले. क्रेपी फुटली, बशीएवढी म्हनायचा, ताटाएवढी फुटली. खोल भोक केलं, हूक बसवला, शेपूट वाकवलेला, पक्का, बापाला लावला व्हता तसाच. मंग अंगनात बसून रेती चाळली, एकटा, जुन्या मच्छरदानीतनं. केरसुनी घेऊन तेवढ्या जागेवर क्रेपी मारली. सुकली तवा बघितलं, नाय जुळली. खरवडून परत मारली. नाय जुळली. फिनिक्समधला सगळ्यात चांगला मासों, आनि स्वतःच्या सालोंमधे ठिगळ. तिसऱ्यांदा मारून झाल्यावर हात धूत व्हता, माज्याकडं न बघता म्हनाला, तुज्या आयनं चाळलेली रेती निराळीच व्हती.

माफी-बिफी कायबी नाय मागितली. एवढंच बोलला. मी पन माफी मागितली नाय. सासरे त्यांच्या हुकावर गेले, काच लावून, आनि आय तिच्या हुकावर. दुसऱ्या दिशी म्हाळाला थोरले दीर आले, बघत ऱ्हायले, म्हनाले, हे ठिगळ कसलं रे? तो म्हनाला, सासूबाईंचा हूक घालायचा ऱ्हायला व्हता. आनि त्या दिशी पानं मांडली तवा त्यानं फोटोंसमोर तीन मांडली. मी सांगितलं नव्हतं.

तर ते बघ, तेच ते ठिगळ. आता दोन वर्सं झाली. रंग पन नंतर दिला पन आत टोकं जाडी हायेत, दिव्यात सावली पडते. गिऱ्हाईक येतं, हात फिरवतं, वा म्हनतं, आनि मंग इचारतं, हे काय झालं हितं? तो दर वेळी खालचा ओठ चावतो. आनि मला, खरं सांगू, बरं वाटतं. राग गेलाय का? नाय गेला. चार वर्सं गेली ती गेली, आयचा कान परत लावला तरी चीर दिसते. देवानं मला अजून दहा वर्सं दिली तर दहा वर्सं मी रागावनार. त्याच्याशी नीट बोलते, त्याचे गुडघे दुखतात तर तेल लावून देते, आनि रागावते. दोन्ही जमतं मानसाला.

आता ती गोष्ट. लिव. ज्या दिशी तो ओल्या पलस्तरात हूक बसवत व्हता, दुसरा बसवून झाला, तवा माजी आय चाळनी थांबवून हसली. म्हनाली, जावईबापू, तिसरा पन घालून टाका की, मला मेल्यावर कुटं ठेवाल, कोंबड्यांच्या खुराड्यात? तिच्या मनात व्हतं बघ. अकरा दीस त्या भिंतीसाठी बसली आनि तिला त्या भिंतीवर जागा पायजे व्हती, तिनं हसत का होईना मागितली. आनि त्याच्या हातात तिसरा हूक व्हता, पोरी, एक जास्तीचा आनला व्हता त्यानं. तो वळला पन व्हता. आनि मीच वरडले. मी म्हटलं, आय, गप बस, नव्या घरात असलं अशुभ बोलू नको, थुंक तोंडातलं. ती खाली मान घालून परत चाळायला लागली. आनि त्यानं तो हूक खिशात टाकला.

हे त्यानं मला चार वर्सांत एकदा पन आटवन करून दिलं नाय. म्हनू शकला असता, तूच तोंड बंद केलंस तिचं. नाय म्हनाला. म्हनून त्याच्यावर रागावते आनि मंग रागावता रागावता मलाच माजा राग येतो, आनि तो कुनावर काढू, म्हनून परत त्याच्यावर काढते.

वही मिट आता. तुजं लगीन ठरलंय, तुज्या सासऱ्याच्या घरावर वरचा मजला चढतोय, मला सगळं म्हाईत हाय. सुखी ऱ्हा, पोरंबाळं होऊ दे. क्रेपी मारायला हाच जानार हाय, बोलनं झालंय. पलस्तर ओलं असंल त्या दिशी मला बोलव, मी येते. तुजी आय जिती हाय, चांगली हिंडती-फिरती हाय, देव तिला शंभर वर्सं देवो. तिच्यासमोर मी स्वतः हूक धरीन, आनि हा बसवंल. कोनी अशुभ म्हनलं तर माज्याकडं पाठव.